बाबांच्या एओर्टाच्या ऑपरेशनमधलं न्यूरोमॉनिटरिंग, ४ स्टार

हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये, कारण खाली बिलाबद्दल कुरकुर करणारे आणि बाबांचा फॉलोअप अजून तिथंच चालूए. पुण्यातलं मोठं हॉस्पिटल आहे, एवढं पुरे.

बाबा ६८ वर्षांचे, रोज सकाळी तळजई टेकडीवर तासभर चालणारे. पाठ दुखते म्हणून सीटी काढला तर एओर्टा, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, फुगलेली निघाली, छातीत वरपासून ते पार किडनीच्या खालपर्यंत, याला क्रॉफर्ड टाइप २ म्हणतात. सर्जन सरळ बोलले की जिवाची रिस्क आहेच पण दुसरी भीती पायांची आहे. ऑपरेशनमध्ये एओर्टाला क्लॅम्प (चिमटा) लावून रक्त थांबवलं की मणक्यातल्या स्पायनल कॉर्डला रक्त देणाऱ्या फांद्या बंद पडतात, त्यातली अ‍ॅडमकिविच नावाची मोठी फांदी बहुतेकांत डावीकडून, छातीच्या शेवटच्या मणक्यांजवळ निघते, तिचं रक्त तुटलं तर माणूस शुद्धीवर येतो आणि कमरेखाली काही हलत नाही. आई म्हणाली, "मग ते तळजईला कसे जाणार?" आणि डॉक्टर बाहेरगावचे, त्यांना तळजई म्हणजे काय ते समजावत बसली.

तर हा रिव्ह्यू न्यूरोमॉनिटरिंगचा, म्हणजे ऑपरेशन चालू असताना कॉर्डमधून सिग्नल नीट जातायत का ते बघत राहण्याचा. डोक्याला इलेक्ट्रोड लावून करंट देतात आणि हातापायांच्या स्नायूंत बारीक सुया असतात, त्यात सिग्नल पोचतो का बघतात, ते एमईपी. उलट, घोट्याजवळच्या नसेला करंट देऊन तो मेंदूपर्यंत जातो का बघतात, ते एसएसईपी. ऐकायला सारखंच वाटतं पण तसं नाहीये. एसएसईपी कॉर्डच्या मागच्या भागाची खबर देतं, आणि पाय हलवणाऱ्या नसांचं रक्त येतं पुढच्या धमनीतून. म्हणजे नुसतं एसएसईपी लावलं तर रेघा छान दिसतायत आणि पाय मात्र गेलेत असंही होऊ शकतं. फॉर्मवर फक्त 'न्यूरोमॉनिटरिंग' एवढंच छापलेलं होतं, मी विचारलं म्हणून कळलं की दोन्ही लावणार. तुम्हीपण विचारा. एमईपी असेल तर भुलीचा गॅस आणि स्नायू ढिले करणारं औषध जवळपास बंद ठेवावं लागतं, भूल प्रोपोफोलवर चालवतात, त्यामुळे भूलतज्ज्ञ आणि मॉनिटरिंगवाले यांचं जमायला पाहिजे.

ऑपरेशननंतर मॉनिटरिंगच्या मॅडमनी लॅपटॉपवर रेघा दाखवल्या, यासाठी त्यांना माझ्याकडून सहावा स्टार. क्लॅम्पनंतर थोड्या वेळाने पायांच्या लाटा बसत गेल्या, आधी डावा मग उजवा, शेवटी सपाट. हातांच्या मात्र जशाच्या तशा. "काका, हातांचंपण पडलं असतं तर मी भुलीवर संशय घेतला असता," असं त्या बाबांना सांगत होत्या, "एकाच पायाचं पडलं असतं तर जांघेतली रक्ताची नळी बघायला लावली असती, दोन्ही पाय गेले आणि हात ठीक म्हणजे कॉर्ड." मग बीपी वाढवलं, कमरेतल्या ड्रेनमधून (बारीक नळीतून) कॉर्डभोवतालचं पाणी काढलं, सर्जननी बरगड्यांजवळच्या दोन धमन्या ग्राफ्टला, म्हणजे एओर्टाच्या जागी बसवलेल्या कृत्रिम नळीला, जोडल्या, आणि वीसेक मिनिटांनी उजव्या पायाची लाट परत उठली, मग डाव्याची. मला ती रेघ बघून रडू आलं, लपवत नाही.

त्या ड्रेनचं गणित सोपंय, कॉर्डला मिळणारा दाब म्हणजे बीपी वजा आतल्या पाण्याचा दाब, म्हणून पाण्याचा दाब १० मिमी पाऱ्याच्या आसपास ठेवतात. ह्यूस्टनच्या कोसेलींच्या टीमने २००२ मध्ये १४५ पेशंटचा अभ्यास छापलाय, ड्रेन नव्हता त्यांच्यात १३ टक्के लोकांचे पाय गेले किंवा कमजोर झाले, ड्रेन होता त्यांच्यात २.६ टक्के. रात्री आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून वाचलं हे.

आणि शुद्धीवर आले म्हणजे सुटलो असं नाही, पाय दोन-तीन दिवसांनीही जाऊ शकतात. सिस्टर दर तासाला येऊन "काका, अंगठे वर, आता खाली" करायला लावायच्या. रात्री तीन वाजतापण. बाबा वैतागून म्हणाले, "अगं झोपू दे, पाय कुठे पळून जातायत?" त्यांना कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक.

आता तक्रारी. तोंडात पॅड ठेवूनही करंटच्या झटक्याने जीभ चावली गेली, आठवडाभर वरणभात. ही शक्यता आधी सांगायला हवी होती. मॉनिटरिंगचं बिल ३८,०००, बाहेरच्या एजन्सीचं, एस्टिमेटमध्ये नव्हतंच, इन्शुरन्सने अर्धं कापलं. पैसे वसूल झाले याबद्दल शंका नाही, पण डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कळणं म्हणजे डोकं फिरतं. आणि त्या रेघांची प्रिंट मागितली तर एक पानी समरी हातात दिली, दोन ओळींची. दोनदा मेल केलाय, उत्तर नाही. एक स्टार त्याचाच कापलाय, प्रिंट आली की परत देईन.