ताऱ्याला नाव देण्याची सेवा: प्रमाणपत्र देखणे, दावा निराधार

कोल्हापुरात राजारामपुरीतील भेटवस्तूंच्या एका दुकानातून मी भाचीच्या वाढदिवसासाठी ‘ताऱ्याला नाव द्या’ ही सेवा घेतली. चौकटीतले प्रमाणपत्र, आकाशाचा नकाशा आणि छपाई उत्तम होती; पण हे नाव अधिकृत असल्याचे दुकानदाराने सांगितले होते आणि ते खरे नाही.

खगोलीय वस्तूंच्या नावांना मान्यता १९१९ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ देतो आणि तो नावे विकत नाही. नवा लघुग्रह सापडला, की त्याला आधी शोधाचे वर्ष आणि पंधरवडा दर्शवणारे तात्पुरते नामांकन मिळते, कक्षा पक्की ठरल्यावर क्रमांक मिळतो आणि त्यानंतरच शोधकर्त्याला जास्तीत जास्त सोळा अक्षरचिन्हांचे नाव सुचवता येते. राजकारणी किंवा लष्करी व्यक्तीचे नाव तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे उलटल्याशिवाय चालत नाही. धूमकेतूला मात्र सहसा शोधकर्त्याचेच नाव लागते.

२००६ साली सापडलेल्या ‘२००६ व्हीपी३२’ या लघुग्रहाला पुढे ३००१२८ क्रमांक आणि २०१९ मध्ये पंडित जसराज यांचे नाव मिळाले, तेव्हा आम्हा संगीतप्रेमींना किती आनंद झाला होता! त्याच वर्षी भारतातून सुचवलेले, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांचे नाव एका ताऱ्याला मिळाले.

शोभेची वस्तू म्हणून हे प्रमाणपत्र जरूर घ्यावे. परंतु दुकानदाराने ते केवळ भावनिक भेट असल्याचे पावतीवर स्पष्ट छापावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. भाचीला मी खरी हकीकत सांगितली आणि रंकाळ्यावरून तिला तो तारा दाखवायचा प्रयत्न केला, पण तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी नव्हता.