बिलात लक्झरी, भिंतीवर खडू: ऑफिसच्या रंगकामातली एक फसवणूक

पुण्यात बाणेर भागातलं ४,००० चौरस फुटांचं ऑफिस. रंगकामाच्या कोटेशनमध्ये एकच ओळ होती: ‘पुट्टी, प्रायमर व नामांकित कंपनीचे लक्झरी इमल्शन, दोन हात, ३० रुपये चौरस फूट.’ इमल्शन म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग. बिल आलं १०,४०० चौरस फुटांचं, म्हणजे ३ लाख १२ हजारांचं. काम संपलं त्या दिवशी भिंती सुरेख दिसत होत्या. तीन महिन्यांत खुर्च्यांच्या पाठी लागतात त्या उंचीवर चकचकीत पट्टे उमटले. पँट्रीत भिंतीवर उडालेला चहा ओल्या फडक्याने पुसला, तर डागाबरोबर रंगही फडक्यावर आला. जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनच्या सांध्यांवर केसासारख्या उभ्या भेगा पडल्या. ज्यांचं ऑफिस येत्या काही महिन्यांत रंगायचं आहे, त्यांनी पैसे कुठे आणि कसे गेले ते बारकाईने वाचावं.

पहिली मेख ‘नामांकित कंपनी’ या शब्दांत होती. रंगाच्या प्रत्येक मोठ्या कंपनीकडे आतल्या भिंतीसाठी एकाच नावाखाली चार-पाच दर्जे असतात: डिस्टेंपर, स्वस्त इमल्शन, प्रीमियम, लक्झरी, त्यातही मॅट (झळाळी नसलेलं) आणि सॉफ्ट शीन (मंद झळाळीचं) वेगळे. बादलीवरचं कंपनीचं बोधचिन्ह सारखंच असतं, दर्जा सांगणारं नाव वेगळं. कोटेशनमध्ये ते उत्पादनाचं पूर्ण नाव नव्हतं आणि फिनिशचा तर उल्लेखच नव्हता.

दुसरी मेख तोंडी मारली गेली. शेड ठरवताना ठेकेदाराने सुचवलं, ‘सगळीकडे मॅट करू, हल्ली ऑफिसात मॅटच चालतं.’ सल्ला पूर्ण चुकीचा नव्हता, म्हणून तर तो पटला. पण चांगल्या प्रतीचं मॅट आणि स्वस्त इमल्शन यांतला फरक नव्या भिंतीवर डोळ्यांना दिसत नाही. सॉफ्ट शीन ठरलं असतं तर स्वस्त रंग लगेच उघडा पडला असता, कारण त्याला ती मंद झळाळी येत नाही.

असं का होतं हे रंगाच्या घटकांत आहे. पाणी उडून गेल्यावर भिंतीवर तीन गोष्टी उरतात: धरून ठेवणारं बाइंडर, रंगद्रव्य आणि भर घालणारी खडूसारखी भुकटी. महाग रंगात बाइंडर भरपूर असतं, सगळे कण त्यात बुडालेले असतात, त्यामुळे पुसलं तरी ते सुटत नाहीत. स्वस्त रंगात भर जास्त, बाइंडर कमी. कणांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात, आणि या पोकळ्यांमुळेच तो वाळल्यावर दाट आणि झाकणारा दिसतो. म्हणजे पहिल्या दिवशी स्वस्त रंग खराब दिसत नाही, उलट छान दिसतो. पाणी आणि घासणं सुरू झालं की मात्र पोकळ्यांत डाग मुरतो, वरचे कण सुटतात किंवा दबून गुळगुळीत होतात. चकचकीत पट्टे यातूनच आले.

खरं तर कुठे कोणतं फिनिश हवं याचा हिशेब अवघड नाही. कामाच्या टेबलांसमोरच्या भिंतींना मॅट योग्य, कारण झळाळी संगणकाच्या पडद्यात परावर्तित होते. छतालाही मॅटच. पण पॅसेज, पँट्री, लिफ्टसमोरची जागा, प्रिंटरजवळचा कोपरा इथे हात, ट्रॉली आणि ओलं फडकं रोजचं, तिथे धुता येणारं सॉफ्ट शीन किंवा सॅटिन हवं. एक अपवाद लक्षात ठेवावा: लांब पॅसेजच्या टोकाला खिडकी असेल तर भिंतीवरून तिरका उजेड सरकतो आणि शीन फिनिशमध्ये पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. तिथे आधी पुट्टी सरळ करून घ्यावी, नाहीतर कमी झळाळीचं पण धुता येणारं मॅट निवडावं. असं मॅट मिळतं, पण ते वरच्या दर्जातलं असतं. उत्पादनाच्या नावाचा आग्रह त्यासाठीच.

शेड निवडताना शेड कार्डावरचा एलआरव्ही (लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू, म्हणजे शेड किती उजेड परत फेकते) हा आकडा विचारा. शून्य म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. छत ८०च्या वर, बसण्याच्या जागेच्या मुख्य भिंती साधारण ५० ते ७० असल्या की दिव्यांवर ताण येत नाही आणि डोळ्यांवरही नाही. शेड मोबाइलच्या पडद्यावर कधीही मंजूर करू नका. या ऑफिसात राखाडी शेड व्हॉट्सअ‍ॅपवर मंजूर झाली होती. ४,००० केल्विनच्या, म्हणजे पांढरट उजेडाच्या, एलईडीखाली ती हिरवट दिसू लागली, आणि तक्रार केल्यावर उत्तर आलं, ‘तुम्हीच ओके केलं होतं.’

आता बादल्यांकडे येऊ. खरा पुरावा तिथेच सापडला. काम चालू असताना ठेकेदाराने लक्झरी इमल्शनच्या २० लिटरच्या चार बादल्यांचे फोटो पाठवले होते. नंतर फोटो मोठे करून पाहिले तेव्हा दोन बादल्यांच्या झाकणांवर टिंटिंग मशीनचं (डीलरकडच्या शेड मिसळणाऱ्या यंत्राचं) जे लेबल असतं, त्यावर दुसऱ्याच शेडचा कोड निघाला आणि तारीख वर्क ऑर्डरच्या सात महिने आधीची. म्हणजे बादल्या दुसऱ्या जागेवरून रिकाम्या आणलेल्या, आत स्वस्त इमल्शन ओतलेलं. डीलरचं बिल मागितल्यावर लक्झरीची एकच बादली विकत घेतल्याचं समोर आलं. सपाट, प्रायमर मारलेल्या भिंतीवर चांगल्या इमल्शनचे दोन हात लिटरला साधारण १२० ते १४० चौरस फूट पुरतात. या ऑफिसच्या खऱ्या क्षेत्रफळाला ५८ ते ६८ लिटर लागले असते. २० लिटरमध्ये एक हातसुद्धा पुरा होत नाही.

हा गुणाकार-भागाकार काम सुरू होण्याआधी कोणीही करू शकतं, आणि करायलाच हवा. क्षेत्रफळ भागिले डब्यावर लिहिलेली दोन हातांची, लिटरमागची व्याप्ती, एवढंच. जागेवर आलेला माल त्यापेक्षा बराच कमी असेल तर उरलेलं पाणी तरी आहे किंवा दुसरा रंग तरी.

क्षेत्रफळातही घोळ होताच. पुन्हा टेप लावून मोजल्यावर १०,४००चे ८,१५० झाले. फरक २,२५० चौरस फुटांचा, म्हणजे ६७,५०० रुपयांचा. तीन ठिकाणांहून तो आला. केबिन आणि मीटिंग रूमची काचेची पार्टिशनं, ६० फूट लांब आणि ९ फूट उंच, दोन्ही बाजूंनी भिंत म्हणून मोजलेली: १,०८० फूट. चौदा दरवाजे, ७ बाय ३चे, दोन्ही बाजूंनी वजा न केलेले: ५८८ फूट. आणि भिंतीची उंची फॉल्स सीलिंगपर्यंत ९ फूट न धरता वरच्या स्लॅबपर्यंत १२ फूट धरलेली. १९४ फूट लांबीच्या भिंतीवर ते न रंगवलेले तीन फूट म्हणजे ५८२. सरकारी कामांच्या मोजमापात अर्धा चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा (दार, खिडकी) वजा करत नाहीत, त्यापुढची मात्र आकार पाहून नियमाने वजा होते. खासगी ऑफिसच्या कामात ‘आमच्यात वजा करायची पद्धत नाही’ असं सांगून सगळंच मोजलं जातं. जुन्या घरांत, दोन छोट्या खिडक्या असताना ते चालून जायचं. काचेच्या ऑफिसात पाचवा हिस्सा बिल फुकटचं होतं.

स्वागतकक्षाची पिवळी भिंत हा वेगळा खर्च. गडद पिवळे आणि लाल रंग मुळातच कमी झाकतात. त्यांना गडद शेडसाठीचा वेगळा बेस (ज्यात छटा मिसळतात तो मूळ रंग) लागतो आणि खाली जुळत्या छटेचा प्रायमर दिला तरी तिसरा हात लागू शकतो. प्रामाणिक ठेकेदार हे आधी सांगतो. इथे दोन हातांनंतर भिंत डागाळलेली ठेवून ‘एक्स्ट्रा’ मागितलं गेलं, आणि तो तिसरा हात पांढऱ्या बेसमध्ये बाजारातलं स्टेनर (छटा आणणारं द्रव) ढवळून दिला. स्टेनर प्रमाणाबाहेर गेलं की रंग नीट घट्ट होत नाही, टेकलेल्या माणसाच्या शर्टाला लागतो. तसंच झालं.

सांध्यांवरच्या भेगांचं कारण साधं. जिप्सम बोर्डाच्या सांध्यात टेप आणि जिप्समचंच जॉइंट कंपाउंड भरायचं असतं. इथे टेप वाचवला आणि थेट व्हाइट सिमेंटची पुट्टी ओढली.

तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये प्रत्येक खोलीपुढे उत्पादनाचं पूर्ण नाव, फिनिश, शेड कोड आणि हातांची संख्या लिहा. मोजमाप फॉल्स सीलिंगपर्यंत, काच आणि दरवाजे वजा, हे वाक्य घाला. रंग डीलरकडून तुमच्या कंपनीच्या नावाने बिल करून थेट जागेवर येऊ द्या. बादली आली की झाकणावर मार्करने तारीख आणि सही करा, लेबलवरचा शेड कोड आणि तारीख वाचा, सील समोर फोडायला लावा. रिकामी बादली मोजल्याशिवाय बाहेर जाऊ नये, आणि जाताना तळाला भोक पाडावं, म्हणजे ती पुढच्या ऑफिसात फोटोला उभी राहणार नाही. बऱ्याच कंपन्या बादलीत रंगाऱ्यासाठी बक्षिसाचं टोकन किंवा क्यूआर कोड ठेवतात. ते त्याचं आहे, त्यालाच घेऊ द्या. दिवसाच्या मजुरीवर शिडीवर चढणारा माणूस बहुतेक वेळा या लबाडीत नसतो. त्याला जे ओतून दिलं जातं तेच तो मारतो.

सगळ्यात भरवशाचा उपाय हजार-दीड हजारांत होतो. ठरलेल्या उत्पादनाचा, ठरलेल्या शेडचा एक लिटर तुम्ही स्वतः डीलरकडून आणा. दोन बाय दोन फुटांच्या जिप्सम बोर्डाच्या तुकड्यावर प्रायमर आणि दोन हात देऊन तो कपाटात ठेवा. काम झाल्यावर तीन-चार आठवडे जाऊ द्या, कारण त्याआधी चांगला रंगही कच्चा असतो. मग ओलं पांढरं सुती फडकं एकाच दाबाने वीसदा बोर्डावर घासा आणि वीसदा भिंतीवर. बोर्डावर फडकं स्वच्छ आणि भिंतीवर खडूसारखं झालं, तर वाद घालायला काही उरत नाही. ही तपासणी होईपर्यंत बिलाचे दहा टक्के राखून ठेवायची अट सुरुवातीलाच लिहून घ्या.

कागदावर एवढा भर देण्याचं कारण कायद्यात आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी वस्तू किंवा सेवा घेणारा ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला वस्तूंच्या बाबतीत सूट आहे, पण ४० टेबलांच्या ऑफिसला ती मिळणं कठीण. मग उरतो तो करार आणि दिवाणी दावा. या ऑफिसच्या हाती बादल्यांचे फोटो आणि नवं मोजमाप असल्यामुळे शेवटचा हप्ता अडवता आला आणि बिल ८,१५० फुटांवर आलं. लक्झरीच्या दराने आधीच दिलेले पैसे परत आले नाहीत.

तिथे आता पुन्हा रंग द्यायचा तर नुसता चांगला इमल्शनचा हात देऊन भागणार नाही, खालच्या भुसभुशीत थरासकट तो पोपडे धरून निघेल. आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणं, मग ओल्या स्पंजने भुकटी पूर्ण पुसणं. तळवा फिरवून हाताला पांढरं लागेनासं झालं की प्रायमर, तो पूर्ण वाळल्यावर दोन हात. सांधे खरवडून टेप भरायचे ते वेगळेच. शनिवार-रविवारी, टेबलं झाकून हे काम केलं तर चार सुट्ट्या जातील.