ग्रामसभेचा व्हिडिओ टाकायचा कुठे?

"मामा, फेसबुकवर पेज करूया की यूट्यूबवर चॅनल?" गेल्या चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना भाच्यानं विचारलं. एका हातात सुपारीचा घड, दुसऱ्यात फोन. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात त्यांचा पाच-सहा पोरांचा गट आहे. रविवारच्या ग्रामसभेचं चित्रण करतात: डोंगरकापणी, बुजवलेली शेतं, नळाला न येणारं पाणी. जत्रेला नाटक असलं की तेही. माझ्या उत्तराची वाट न बघता त्यानंच निकाल लावला, "नाहीतर सरळ एक्सवर टाकू. तिथं कोण काय काढत नाही."

मी स्टुलावरून खाली उतरलो.

इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर (आताचं एक्स) घेतलं ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा झेंडा फडकवतच, हे खरं. पण भारतात कायदा भारताचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार मजकूर अडवू शकतं, आणि हा व्यवहार गोपनीय ठेवण्याची सोय नियमांतच आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत ८,००० हून अधिक खाती अडवण्याचे आदेश आल्याचं एक्सनंच जाहीर केलं. आदेश पटत नाहीत म्हणाले, आणि खाती अडवायला सुरुवातही केली. पुढे मजकूर काढायच्या सूचना कंपन्यांना धाडणाऱ्या सरकारी 'सहयोग' पोर्टलविरुद्ध ही कंपनी कर्नाटक उच्च न्यायालयात गेली आणि २४ सप्टेंबर २०२५ ला तिथंही हरली. निदान भांडते तरी, एवढं श्रेय द्यायला हवं. अडवलेल्या खात्यावर कायदेशीर मागणीवरून रोखल्याची पाटीही लागते. पण आमच्या गावात एक्सवर आहे कोण? मी, एक पत्रकार मित्र आणि आमदारांचं खातं सांभाळणारा पोरगा. एखाद्या सरकारी खात्याला टॅग करून जाग आणायची असेल तेव्हा एक्स बरं. गावापर्यंत पोचायला नाही.

शिवाय भाच्याला भीती सरकारची. गेल्या काही वर्षांत आमच्या नाट्यमंडळाचं खातं ज्यांनी दोनदा गोत्यात आणलं त्यांत सरकार नव्हतं. पहिल्यांदा शेजारी होते. एका शेतातल्या मातीच्या भरावाबद्दल आम्ही चार ओळी आणि दोन फोटो टाकले, नाव न घेता. कोणाचं शेत ते सगळ्यांनाच माहीत. रात्रीत वीसेक जणांनी मिळून तक्रारी केल्या आणि सकाळी खातं गायब, 'नियमभंग' एवढाच शब्द मागे ठेवून. कुठला प्लॅटफॉर्म ते सोडा. हे कुठंही घडू शकतं. परत यायला अकरा दिवस लागले, तोवर भरावावर कुंपणही झालं.

फेसबुकचा विचार करताना म्हणूनच मी आधी हे बघतो. गावातले पन्नाशीपुढचे सगळे तिथं आहेत, भांडण रंगतं, कॉमेंटमध्ये पंच स्वतः उतरतात. हीच त्याची ताकद, आणि सामूहिक तक्रारींना आमंत्रणही तेच. जायचंच असेल तर वैयक्तिक खात्यावर नको. पेज करा आणि दोघांना ॲडमिन ठेवा. मेटानं जानेवारी २०२५ मध्ये स्वतंत्र तथ्यपडताळणी बंद करायचं ठरवलं ते अमेरिकेपुरतं. त्यावरून इथं मोकळं रान मिळालं असं समजू नका. काही काढलंच, तर २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाता येतं: चोवीस तासांत पोच, सात दिवसांत निकाल (फेब्रुवारी २०२६ पर्यंत पंधरा होते). तो पटला नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील. आम्हाला तेव्हा याचा पत्ता नव्हता, नुसतं 'पुन्हा विचार करा' दाबत बसलो होतो.

दुसऱ्यांदा यंत्र आडवं आलं, कॉपीराइट आपोआप तपासणारं. जत्रेतलं नाटक, आमचा हार्मोनियमवाला, पहाटे तीन वाजता सुटलेलं शंभर वर्षांपूर्वीचं पद. कवीला जाऊन ६० वर्षं उलटली की शब्द सगळ्यांचे होतात, हे कायद्यात आहे. पण यंत्राला त्यात कुठल्याशा कंपनीची ध्वनिमुद्रिका ऐकू आली आणि पदापुरता व्हिडिओ मुका झाला. नट हातवारे करतोय, आवाज नाही. हक्क सांगणं वेगळं, त्यात तो व्हिडिओच अडतो, आणि स्ट्राइक वेगळा, तो चॅनलवरचा ठपका, हे त्यातून शिकलो. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक पडले तर चॅनलच बंद होऊ शकतं. म्हणून ग्रामसभा आणि नाटक एका चॅनलवर कधीच ठेवू नका. पदाच्या भांडणात सरपंचांची उत्तरं जायला नकोत. हे सांभाळलं तर लांब व्हिडिओसाठी यूट्यूबच बरं. दोन वर्षांनी ठराव काय झाला होता ते शोधलं की सापडतं, फेसबुकवर तेच खाली गाडलं जातं.

पोचवायला मात्र व्हॉट्सॲप. ग्रुप नको, चॅनल. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात, त्यातली चार रात्री दोनला भांडतात आणि ॲडमिनची झोप उडते. (सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. आपल्या पर्वरीचं खंडपीठ त्याच न्यायालयाचं, त्यामुळे हे लक्षात ठेवा.) चॅनलवर फॉलोअरना ॲडमिनचा नंबर दिसत नाही. एक गैरसमज तेवढा काढा: खासगी गप्पांना असतं तसं एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराला कुलूप, चॅनलला नसतं. ती चावडीच.

टेलिग्रामवर मोठ्या फाइली सहज जातात, पण आमच्याकडे ते परीक्षेच्या नोट्सपुरतं. मॅस्टोडॉन, ब्लूस्काय ही एक्ससारखी ठिकाणं तत्त्वानं मला आवडतात, सगळं एका मालकाच्या मुठीत नाही. पण वाड्यावरचा एकही माणूस तिथं नाही. देशी ट्विटर म्हणून 'कू' ॲपवर भिस्त ठेवलेल्यांचं जुलै २०२४ मध्ये काय झालं ते आठवा, ॲपच बंद.

भाच्यानं शेवटी ग्रामसभेसाठी यूट्यूब, वाटपासाठी व्हॉट्सॲप चॅनल असं धरलं. नाटकाला वेगळं चॅनल. मी एकच अट घातली: मूळ चित्रण फोनवर न ठेवता हार्ड डिस्कवर, आणि तिची एक प्रत दुसऱ्याच्या घरी.

"डिस्क कोण घेणार?"

घड माझ्या हातात देऊन तो सुतळी आणायला गेला होता.