सॉसेज-पास्ता करायचाय: ताजं इटालियन, गोव्याचं चोरीस की फ्रोझन चिकन?

सॉसेज आणि भाजलेल्या भाज्या घातलेला पास्ता म्हणजे कामावरून आल्यावर पाऊण तासात होणारं, पोट भरणारं जेवण. हा बेत ठरला की बहुतेक जण आधी पास्त्याचा आकार निवडतात, नाहीतर घरी ओव्हन नाही म्हणून बेतच सोडून देतात. माझं म्हणणं असं की आधी सॉसेज ठरवा. त्यात मीठ किती, चरबी किती, आंबटपणा आहे की नाही हे कळलं की भाज्या कोणत्या, तेल किती, पास्त्याच्या पाण्यात मीठ किती आणि वर चीज हवं की नको, हे पुढचं सगळं त्यावरूनच ठरतं. एकाच कृतीत सॉसेज बदलून चालत नाही, ते याच कारणाने.

मराठी घरांत साधारण तीन प्रकार येतात. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांना इटालियन पद्धतीचं ताजं सॉसेज सहज मिळतं. गोवा, तळकोकण आणि मुंबईत चोरीस, म्हणजे डुकराचं मसालेदार वाळवलेलं सॉसेज मिळतं. आणि फ्रोझन चिकन सॉसेज आता तालुक्याच्या गावातल्या दुकानातही असतं.

ताजं इटालियन

हे कच्चं असतं. डुकराचा जाडसर खिमा, मीठ, मिरी आणि अमेरिकेत मिळणाऱ्या प्रकारात हमखास बडीशेप. ‘स्वीट’ लिहिलं असेल तर ते गोड नसतं, फक्त तिखट नसतं. ‘हॉट’मध्ये लाल मिरची असते. यातली चरबी कढईत सुटते आणि तीच पास्त्याला लागते, म्हणून तेल एक चमचा पुरे. चार जणांना ३०० ते ३५० ग्रॅम घ्या.

ते शिजवण्याच्या दोन रीती आहेत. अमेरिकेत ही सॉसेजं अख्खीच भाज्यांबरोबर ट्रेमध्ये ठेवून २०० अंशांवर २५ मिनिटं भाजतात. भांडी कमी पडतात, सुटलेल्या चरबीत भाज्याही छान भाजतात. दुसरी रीत म्हणजे वरची आतडी चिरून आतला खिमा काढायचा, मध्यम आचेवर उलथन्याने फोडत आठ-दहा मिनिटं परतायचा. पास्त्यासाठी मी दुसरीच निवडेन. खिमा पास्त्याच्या प्रत्येक तुकड्याला लागतो, तर चकत्या शेवटी ताटलीच्या एका बाजूला उरतात. रीत कुठलीही असो, डुकराचं ताजं सॉसेज आत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजलं पाहिजे. परदेशात स्वयंपाकाचा थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो जरूर घ्या.

याच्याबरोबर ब्रोकोली, सिमला मिरची, लाल कांदा, चेरी टोमॅटो काहीही चालतं. इटलीच्या दक्षिणेला, पुलिया प्रांतात, चिमे दि रापा नावाची कडसर पालेभाजी ओरेकिएत्ते या कानाच्या पाळीसारख्या पास्त्यात घालतात आणि त्यात सॉसेज घालण्याचीही पद्धत आहे. मोहरीचा कोवळा पाला मिळाला तर त्या चवीच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं.

चोरीस

तिघांत सर्वांत जास्त चव याला आहे आणि सर्वांत जास्त गैरसमजही याच्याबद्दलच आहेत. डुकराच्या मांसाचे तुकडे, लाल मिरची, लसूण, आलं, गरम मसाला, भरपूर मीठ आणि माडीचं व्हिनेगर. हे सगळं मुरवून, आतड्यात भरून, उन्हात किंवा धुरावर वाळवतात. गोव्यात पावसाळ्याच्या बेगमीत, म्हणजे पुरुमेंतात, याच्या माळा असतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्या टांगलेल्या दिसतात. नाव पोर्तुगीज असलं तरी ते स्पॅनिश चोरिझोसारखं कापून तसंच खायचं नसतं. ते शिजवावंच लागतं.

म्हणून चकत्या करून तेलात टाकायची घाई नको. आतडं आणि दोरा काढून टाका. १५० ग्रॅम चौघांना पुरतं, जास्त घेतलं तर बाकी काही लागतच नाही. दोन कांदे उभे चिरून, अर्धी वाटी पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर वीसेक मिनिटं शिजवा. पाणी आटलं की लाल चरबी वर येते. तोच तुमचा सॉस. वेगळं तेल नको, तिखट नको, मीठ तर अजिबात नको. पास्त्याच्या पाण्यात एरवी लिटरला १० ग्रॅम मीठ घालण्याचा इटालियन रिवाज आहे, इथे ५ ग्रॅमवर थांबा, कारण तेच पाणी पुढे सॉसमध्ये जाणार आहे.

भाज्यांच्या बाबतीत चोरीस कडक आहे. त्यात व्हिनेगरचा आंबटपणा आधीच असल्याने टोमॅटो नको. गोड भाज्या हव्यात: लाल भोपळा, गाजर, लाल सिमला मिरची. भाजलेल्या भोपळ्याची कडेची करपट-गोड चव आणि चोरीसचा तिखट-आंबट रस यांची जोडी इतकी जमते की या तुलनेत माझं मत कुठे झुकतं ते लपवत नाही. घरी लहान मुलं असतील तर मात्र हा पर्याय त्यांच्यासाठी नाही.

फ्रोझन चिकन

सोय हाच याचा खरा गुण. बहुतेक पाकिटांतलं सॉसेज आधीच शिजवलेलं असतं, फक्त गरम करून रंग आणायचा असतो. पण पाकिटावर ‘शिजवून खा’ असं लिहिलंय का ते वाचा. सकाळी निघताना डीपफ्रीजमधून खालच्या कप्प्यात ठेवलं की संध्याकाळी तयार. मांस अगदी बारीक वाटलेलं, चरबी कमी, चव सौम्य. त्यामुळे कढईत काहीच सुटत नाही. दीड-दोन चमचे ऑलिव्ह ऑइल घालावंच लागतं, साधं तेलही चालेल.

चव बाहेरून आणायची आहे. तिरक्या चकत्या दोन्ही बाजूंनी तांबूस करा. मग त्याच तेलात ठेचलेला लसूण, चिली फ्लेक्स आणि अर्धा चमचा जाडसर कुटलेली बडीशेप घाला. बडीशेपेने पदार्थ लगेच इटालियन सॉसेजच्या दिशेला जातो. भाज्यांत टोमॅटो भरपूर घ्या, वांगंही घ्या. भाजलेले टोमॅटो चमच्याने दाबले की सॉस तिथेच तयार होतो.

मला याच्यापेक्षाही एक वेगळी वाट आवडते. सॉसेज म्हणजे अखेर मीठ-मसाला लावलेला खिमा. आतडं काढूनच वापरायचं असेल तर ते हवंच कशाला? ३०० ग्रॅम चिकनचा ताजा खिमा, पाऊण चमचा मीठ, एक चमचा कुटलेली बडीशेप, चार पाकळ्या लसूण, मिरी, चिली फ्लेक्स. कालवून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि पूर्ण शिजेपर्यंत परता. सांगली-नांदेडला चांगलं सॉसेज मिळत नसेल तर मी पाकिटाच्या मागे न लागता हेच करा म्हणेन. आतलं मीठ आणि मांस दोन्ही आपल्या हातात राहतं, हेही कमी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक गटात घातलं आहे, तेव्हा सॉसेज हा रोजचा पदार्थ करू नये.

भाज्या कशावर?

भाजी भाजणं आणि वाफवणं यात फरक पाण्याचा आहे. पाणी असेपर्यंत भाजीचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तांबूस रंग, खमंग वास त्याच्या बराच वर येतो. म्हणून कुठलंही साधन घ्या, दाटी करू नका आणि धुतलेली भाजी कोरडी करा.

ओटीजी, म्हणजे घरगुती छोटा विजेचा ओव्हन असेल तर चार जणांसाठी तोच बरा. दहा मिनिटं तापवून २१० अंशांवर २५ मिनिटं, मध्ये एकदा हलवायचं. तोवर पास्ता आणि सॉसेज गॅसवर होतात. विजेची फार काळजी नको: १५०० वॉटचा ओटीजी सलग पाऊण तास चालला तरी सव्वा युनिटच्या आत राहतो. एअर फ्रायर वेगवान आहे, १२ ते १५ मिनिटांत काम होतं. पण चार लिटरच्या टोपलीत चौघांच्या भाज्या एका थरात मावत नाहीत. दोन घाण्यांत वाचलेला वेळ जातो, म्हणून तो दोघांच्या घरात खरा उपयोगी.

दोन्ही नसेल तर लोखंडी तवा किंवा कढई. आच मोठी, झाकण नाही, तुकडे बोटभर जाड न करता पातळ, आणि मीठ शेवटी, कारण मीठ पाणी सोडायला लावतं. भोपळा, सिमला मिरची, कांदा तव्यावर सुंदर होतात. फ्लॉवर आणि गाजर आधी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून निथळून घ्या. पास्त्याचंच पाणी वापरा, वेगळं भांडं कशाला?

घरात कोणी शाकाहारी असेल तर सॉसेज आणि भाज्या वेगवेगळ्याच शिजवा. पास्ता भाज्यांत मिसळून त्यांचा वाटा आधी काढा, मग उरलेल्यात सॉसेज घाला. अख्खी सॉसेजं ट्रेमध्ये ठेवण्याची रीत अशा घरात बाद होते.

पास्ता आखूड घ्या: पेने, फुसिली, रिगातोनी. स्पगेटीतून खिमा आणि भाज्या तळाला जातात. माणशी ८० ग्रॅम पुरतो. पाकिटावर ड्युरम गहू लिहिलेला असावा, आपला बन्सी गहू त्याच जातीचा. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरमचाच असणं बंधनकारक केलं. तो शिजताना सहसा चिकट होत नाही. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी काढा, अर्धी वाटी पाणी राखून ठेवा आणि शेवटचं मिनिट सॉसेजच्या कढईत मोठ्या आचेवर हलवा. पाण्यातल्या स्टार्चमुळे चरबी आणि पाणी एकजीव होऊन पास्त्याला चकाकी येते.

चीजचं म्हणाल, तर ताज्या इटालियनवर आणि चिकनवर पार्मेझान जरूर किसा. चोरीसवर नको, आंबटपणा आणि चीज एकमेकांना मारतात. दक्षिण इटलीत चीजऐवजी ब्रेडचा भाजलेला चुरा घालतात, तो इथे चालतो: कालचा पाव कुस्करा, चोरीसच्या चमचाभर लाल चरबीत कुरकुरीत होईपर्यंत परता आणि वाढताना वरून घाला, आधी नाही, नाहीतर मऊ पडतो.