तळातला पंप आणि त्यामागची बॅटरी: रूल ११०० बिल्ज पंपाचं परीक्षण

बावीस ते अठ्ठावीस फुटी फायबरच्या होडीसाठी रूल कंपनीचा ११०० वाला बिल्ज पंप, म्हणजे होडीच्या तळात साठलेलं पाणी उपसणारा पंप, घ्यावा का? घ्यावा. बुडता पंप आहे, म्हणजे मोटर तळाच्या पाण्यातच बसते आणि त्या पाण्यानेच थंड राहते. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबल्या की पंप खालच्या जाळीपासून सुटतो, पाना लागत नाही. पण हा पंप किती चालेल हे पंपापेक्षा त्याच्या जागेवर, वायरवर आणि बॅटरीवर जास्त ठरतं. म्हणून इथे चारही गोष्टींबद्दल एकत्रच लिहिलं आहे.

आधी खोक्यावरचा आकडा नीट समजून घेऊ. ११०० म्हणजे ताशी ११०० अमेरिकन गॅलन, सुमारे ४१६० लिटर. ही क्षमता १३.६ व्होल्टला आणि पाणी अजिबात वर न चढवता मोजलेली असते. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असते, पाणी मीटरभर उचलावं लागतं, पाईपला एक-दोन वळणं असतात. तेव्हा हिशेब ताशी २५०० लिटरचाच धरावा. आता दुसरी बाजू: पाण्याच्या रेषेखाली फूटभर अंतरावर एक इंचाचं भोक पडलं, तर त्यातून साधारण तेवढंच पाणी आत येतं. म्हणजे हा पंप एका इंचाच्या भोकाशी कशीबशी बरोबरी करतो. ५०० वाला पंप पावसाच्या आणि ग्लँडमधून (पंख्याचा शाफ्ट होडीतून बाहेर जातो तिथल्या सीलमधून) ठिबकणाऱ्या पाण्यापुरता ठीक आहे, त्याच्या भरवशावर समुद्रात जाऊ नये. ११०० लावला तरी हातपंप आणि बादली होडीत हवीच.

पावसाचा हिशेब मात्र दिलासा देणारा आहे. साडेसहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद उघड्या होडीवर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १३०० लिटर पाणी साठतं. कोकणात जुलैमध्ये असा पाऊस नवलाचा नाही. एवढं पाणी पंप अर्ध्या तासात बाहेर काढतो. चालताना तो सुमारे ४ अँपिअर घेतो, म्हणजे खर्च झाला २ अँपिअर-तास. बॅटरीला हे काहीच नाही. बॅटरी मरते ती फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा स्विच, अडकल्यामुळे. तळात ग्रीस, खवले, जाळ्याचे धागे साठतात, फ्लोट वरच राहतो आणि पंप कोरडा फिरत राहतो. दिवसाला ९६ अँपिअर-तास जातात, १०० अँपिअर-तासाची बॅटरी दुसऱ्या सकाळी संपलेली असते. त्यानंतर पाऊस आला की होडी भरते. म्हणून मोठ्या बॅटरीवर पैसे घालण्याआधी चांगला, झाकण असलेला फ्लोट स्विच घ्या आणि तो महिन्यातून एकदा पुसून हाताने वर-खाली करून बघा. रूलचंच फ्लोटशिवायचं जुनं स्वयंचलित मॉडेल दर अडीच मिनिटांनी क्षणभर फिरून पाणी आहे का ते पाहतं. होडी रोज चालत असेल तर हरकत नाही. महिनाभर नांगरून ठेवायची असेल तर नुसत्या या तपासण्यांतच १४-१५ अँपिअर-तास जातात.

आता बॅटरी. आऊटबोर्ड सुरू करायची बॅटरी आणि पंपाची बॅटरी वेगळी ठेवा, यात काटकसर नको. स्टार्टरच्या बॅटरीत पातळ प्लेटा जास्त असतात. ती क्षणभर मोठा करंट देते, पण निम्म्याच्या खाली वारंवार उतरली की निकामी होऊ लागते. पंपाला बरोबर उलटं लागतं: थोडा करंट, बराच वेळ.

घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी बऱ्याच होड्यांवर दिसते. खोल डिस्चार्ज ती उत्तम सोसते, हे मान्य. पण १५० अँपिअर-तासाची म्हणजे पन्नास-साठ किलो वजन, उंची जास्त, आणि आत पातळ ॲसिड. लाटेत होडी कलली की ॲसिड सांडतं. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, बंद खणात तो कोंडतो. समुद्राचं पाणी ॲसिडमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन तयार होतो. छोट्या होडीत ही बॅटरी नकोच.

लिथियम, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), वजनाला फार हलकी: १०० ची बॅटरी अकरा ते तेरा किलोत मिळते. जीपीएस, फिशफाइंडर, दिवे यांना ती छान. पण पंपाला तीच एकटी देऊ नका. व्होल्टेज घसरलं की आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, बॅटरी तोडून टाकतं आणि पंप एका क्षणात थांबतो. शिशाची बॅटरी उतरताना दिवे मंद होतात, पंपाचा आवाज बदलतो, तांडेलाला कळतं. एलएफपी शेवटपर्यंत जवळपास सारखंच व्होल्टेज देते, त्यामुळे आधी काहीच जाणवत नाही. शिवाय इंजिन चालू असताना बीएमएसने बॅटरी तोडली, तर आल्टरनेटरचे डायोड उडू शकतात.

पंपासाठी आमची पसंती ६५ ते १०० अँपिअर-तासाच्या सीलबंद एजीएम बॅटरीला. यूपीएसचं काम करणाऱ्या दुकानात ती सहज मिळते. आतलं ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, होडी कलली तरी सांडत नाही. तिचं वैर उष्णतेशी: २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे आयुष्य साधारण निम्मं होतं. इंजिनाच्या पेटीला खेटून ठेवलीत तर पैसे वाया. तास-दोन तास काही न चालवता मल्टिमीटर लावा: १२.८ असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी. १२.४ च्या खाली महिनाभर पडू देऊ नका, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. घेताना बॅटरीवरची तारीख बघा, सहा महिने दुकानात पडून असलेली नको. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होडी शाकारली की बॅटरी घरी आणा आणि महिन्याला एकदा पूर्ण चार्ज करा. नांगरून ठेवलेल्या होडीला २० वॉटचं पॅनेल आणि छोटा कंट्रोलर पुरतो. ढगाळ दिवशी दोन-तीन अँपिअर-तास मिळाले तरी वर सांगितलेल्या पावसाचा खर्च निघतो.

खरा त्रास पंपाच्या जागेचा. पक्क्या फळीखाली किंवा इंजिनाच्या गिअरबॉक्सखाली, कोपरापर्यंत हात घालूनही बोटं पोचत नाहीत अशा ठिकाणी पंप तळाला स्क्रूने बसवलेला असतो. जाळ्याचा नायलॉन धागा आत शिरतो, इंपेलरला (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पात्यांना) गुंडाळतो, हळूहळू शाफ्टच्या सीलमध्ये जातो आणि मोटरमध्ये पाणी शिरतं. धागा वेळेवर काढला तर पंप वाचतो, पण हात पोचत नाही म्हणून कोणी काढत नाही.

उपाय असा. जाड एचडीपीईची, भाजी चिरायच्या पांढऱ्या पाटाची असते तशी, १० मिलिमीटरची पट्टी घ्या, अंदाजे १५० बाय ३०० मिलिमीटर. तिच्यावर पंपाची जाळी आणि शेजारी फ्लोट स्विच ३१६ स्टीलच्या स्क्रूंनी बसवा. स्क्रूची टोकं खाली बाहेर येऊ देऊ नका. पट्टीला २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप उभा जोडा, इतका लांब की वरचं टोक फळीतल्या झाकणाच्या तोंडाशी हाताला लागेल. तळाला भोक पाडायचं नाही. फायबरचे दोन छोटे ठोकळे रेझिनने चिकटवा, पट्टी त्यांच्यात सरकून अडकते, आणि पाईपचं वरचं टोक एका पिनने स्ट्रिंगरला (होडीच्या लांबीभर जाणाऱ्या आतल्या तुळईला) धरा. पाणी बाहेर नेणारा डिलिव्हरी पाईप आणि वायर दोन्हीला ३०-४० सेंटिमीटर ढील ठेवा. आता पिन काढली की पंप सगळ्यासकट वर येतो. झाकण नसेल तर फळीत आठ इंची गोल इन्स्पेक्शन प्लेट बसवा. सहा इंचीतून हात जातो, पण फ्लोटसकट पंप निघत नाही.

डिलिव्हरी पाईप आतून गुळगुळीत हवा. नालीदार पाईपने पाण्याचा जोर बराच घटतो. रूल ११०० चं तोंड सव्वा इंचाच्या जरा आत, २९ मिलिमीटर आहे. रिड्युसर लावून एक इंची पाईप जोडला की क्षमता गेली. पाईप पंपापासून सतत चढता न्या. मध्ये खोलगट भाग राहिला तर पाणी साठतं, पंपात हवा अडकते, मोटर फिरते पण पाणी येत नाही. परतीचं पाणी रोखायला चेक व्हॉल्व्ह लावतात, तोही हाच त्रास देतो. लावू नये.

वायर कलई केलेल्या तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटर. सहा मीटर जाऊन सहा मीटर परत, तरी व्होल्टेज तीन टक्क्यांपेक्षा फारसं पडत नाही. जोड क्रिंप करून आत गोंद असलेल्या हीटश्रिंकने बंद करा आणि तळापासून जितके उंच ठेवता येतील तितके ठेवा. फ्लोटची लाइन मुख्य स्विचच्या आधी थेट बॅटरीवरून घ्या, म्हणजे सगळं बंद करून घरी गेलात तरी पंप जागा राहतो. फ्यूज बॅटरीजवळ आणि लेबलवर लिहिलेल्याच अँपिअरचा. १५ चा टाकला तर इंपेलर अडकल्यावर फ्यूज शाबूत राहतो आणि मोटर जळते.

पंप चालेना तर आधी पंपाच्या वायरवर व्होल्ट मोजा, स्विच चालू ठेवून. बॅटरीवर १२.५ आणि पंपाजवळ ११ च्या खाली दिसलं तर दोष जोडात आहे. व्होल्ट बरोबर आणि नुसती घरघर असेल तर इंपेलरमध्ये धागा आहे. आवाजच नसेल तर पंप थेट बॅटरीवर लावून बघा, तपकिरी प्लस आणि काळी मायनस. तरीही फिरला नाही तर नवीन घ्यावा लागेल, ही मोटर उघडून दुरुस्त होत नाही. सगळं बसवून झालं की दोन बादल्या पाणी तळात ओता: फ्लोटने पंप सुरू व्हायला हवा, पाणी उपसल्यावर आपोआप बंद व्हायला हवा, आणि बंद झाल्यावर पाईपमधून परत आलेल्या पाण्याने पुन्हा सुरू होता कामा नये. होत असेल तर फ्लोट पट्टीवर सेंटिमीटरभर उचलून बसवा.