जोनी मिचेल यांचे ‘मॉर्निंग ग्लोरी ऑन द व्हाइन’: गीतकाराच्या हातची चित्रे

जोनी मिचेल यांना जग गायिका म्हणून ओळखते. त्या मात्र स्वतःला आधी चित्रकार मानतात आणि परिस्थितीमुळे आपली ती वाट सुटली, असे सांगत आल्या आहेत. या म्हणण्यात किती तथ्य आहे, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकातून नीट उमगते. त्यांची गाणी ऐकणाऱ्यांइतकेच चित्रकला शिकणाऱ्यांनीही ते पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

मुळात हे पुस्तक विक्रीसाठी नव्हतेच. १९७१ साली ‘ब्लू’ ही ध्वनिमुद्रिका गाजत असताना मिचेल यांनी जवळच्या स्नेह्यांना नाताळची भेट म्हणून त्याच्या अवघ्या शंभर प्रती सिद्ध केल्या. गीते आणि कविता स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिल्या, सोबत तीसहून अधिक चित्रे दिली आणि प्रतींवर सही करून क्रमांक घातले. जवळजवळ अर्धशतक ते फारसे कोणाच्या पाहण्यात आले नाही. आताच्या आवृत्तीत मूळ पाने जशीच्या तशी छापली असून त्याच काळात मिचेल यांनी काढलेली मित्रांची काही चित्रे नव्याने जोडली आहेत.

बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या ‘चित्रमंदिर’ या कलाशाळेने व्यक्तिचित्रणाची जी शिस्त रुजवली, तिच्यावर पोसलेल्या आमच्या नजरेला ही रेखाटने पहिल्या भेटीत सैल वाटण्याची शक्यता आहे. छायाप्रकाशाचा तोल आणि शरीररचनेची अचूकता यांच्या मापाने पाहिले, तर त्यांत उणिवा सापडतील. पण समोरच्या पानावरचे हस्ताक्षर आणि चित्रातील रेषा एकत्र पाहू लागलो की दोन्हींची लय एकच असल्याचे जाणवते, आणि चित्र हे गीताला जोडलेले शोभेचे ठिगळ नाही, हे पटते. माझ्याकडे लोअर आणि हायर या चित्रकलेच्या परीक्षांसाठी येणाऱ्या मुलांना मी हे पुस्तक आवर्जून दाखवतो, कारण परीक्षेच्या धाकाने आखडलेल्या हाताला अशा मोकळ्या रेषेची फार गरज असते.

मिचेल यांची पुढची वाटचाल माहीत असली, तर या पानांचे मोल अधिक कळते. १९४३ साली कॅनडात जन्मलेल्या या मुलीला नवव्या वर्षी पोलिओ झाला. त्यामुळे डावा हात दुबळा राहिला आणि गिटारवरचे नेहमीचे कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) धरणे जड जाऊ लागले, तेव्हा त्यांनी तारा आपल्या सोयीने वेगळ्या लावून घेतल्या. त्यांच्या गाण्यांतील अनोखी स्वरसंगती त्यातूनच आली. कॅल्गरीच्या कला महाविद्यालयात त्या जेमतेम वर्षभर टिकल्या. चित्रकला मात्र सुटली नाही. १९६८ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून अनेक मुखपृष्ठे त्यांनी स्वतःच केली, आणि १९७९ च्या ‘मिंगस’साठी जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगस यांची चित्रे रंगवली. १९९४ च्या ‘टर्ब्युलंट इंडिगो’वर त्यांनी डच चित्रकार व्हॅन गॉगच्या प्रसिद्ध आत्मचित्राच्या धाटणीत, कानाला पट्टी बांधलेले स्वतःचे चित्र दिले, त्या ध्वनिमुद्रिकेला संगीताबरोबर वेष्टनाच्या मांडणीसाठीही ग्रॅमी मिळाले. इतका सलग पन्नास-साठ वर्षांचा दुहेरी व्यासंग मला तरी इतर कोणा लोकप्रिय गायकात दिसत नाही.

उणीव सांगायची तर, हे पुस्तक त्यांच्या तरुणपणापुरतेच आहे. नंतरची तैलचित्रे पाहण्यासाठी ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांसारख्या इतर ठिकाणी धुंडाळावे लागते. शिवाय सगळा मजकूर वळणदार इंग्रजी हस्ताक्षरात असल्याने मराठी वा कन्नड माध्यमात शिकलेल्या मुलांना तो सहज लागत नाही. त्यांच्यासोबत बसून एखादे गीत वाचून दाखवावे, त्याचा अर्थ सांगावा, मग ते गाणे ऐकवावे आणि शेवटी चित्राकडे वळावे, हा क्रम मला उपयोगी वाटला. प्रत आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाही, मागवून घ्यावी लागते आणि ती स्वस्तही पडत नाही. म्हणून शहरातील वाचनालयांनी आणि चित्रकलेच्या वर्गांनी एकेक प्रत घेतली, तर ती अनेकांच्या हाती जाईल.