बागेतली पायवाट: पेव्हर ब्लॉक की मुरूम?

जुन्या बागेची उखडलेली पायवाट नव्याने करायची आहे, पण ब्लॉक बसवायचे की मुरूम टाकायचा, हे ठरत नाही. अशा वेळी आधी झाडांची मुळं बघा.

पेव्हरसाठी सुमारे २५ सेंमी खोदावं लागतं: १५ सेंमी दाबलेली खडी, ३ सेंमी वाळू, वर ६ सेंमीचे ब्लॉक. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं नेमकी याच थरात असतात. ती मोठ्या प्रमाणात तुटली की डेरेदार झाडही काही वर्षांत वाळू लागू शकतं. मुरूम मात्र जमिनीवरच ७-७ सेंमीच्या दोन थरांत पसरता येतो. ओलावा इतकाच हवा की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. प्रत्येक थरावर रोलर फिरवा. खोडाजवळ मात्र भर नकोच.

खर्च मुरमाचा बराच कमी, पण दर पावसाळ्यानंतर खड्डे भरावे लागतात. तीव्र उतारावर तर तो वाहूनच जातो.

ब्लॉक खचतात ते बहुधा कडेचे दगड पक्के नसल्यामुळे. कडा सरकली की सांधे उघडतात, वाळू निसटते. खचलेले ब्लॉक काढून, खालचा थर नीट दाबून तेच परत बसवता येतात, हा त्यांचा मोठा गुण.

दोन्हींना मीटरमागे २ सेंमी आडवा उतार हवाच.

प्रवेशद्वार, व्हीलचेअरचा मार्ग, चढ: पेव्हर. झाडांखालची, धावण्याची वाट: मुरूम.